भाग्यपत्रिकेत कोण नाही?

आश्रमशाळांच्या विभागीय क्रीडा स्पर्धा लागल्या की सामन्यांची भाग्यपत्रिका चिकटवली जाते. ती एकदा नीट वाचावी. नाशिक, कळवण, राजूर, धुळे, यावल, नंदुरबार, तळोदा. आदिवासी विकास विभागाच्या नाशिक अपर आयुक्तालयाचे सात प्रकल्प, म्हणून सात संघ. त्यांतले शेवटचे दोन नंदुरबार जिल्ह्याचे. नवापूर-शहाद्याची मुले 'नंदुरबार' म्हणून उतरतात, धडगाव-अक्कलकुव्याची 'तळोदा' म्हणून. या दोघांची कबड्डीत गाठ पडली की खरी चुरस. चढाईला आलेला पोरगा बोनस रेषेपलीकडे पाय टेकवतो, कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो, आणि चुन्याची आखणी पाच मिनिटांत पुसली जाते.

या कागदावर एक नाव मात्र कधीच येत नाही. नंदुरबार शहरातल्या नावाजलेल्या शाळेचे. किंवा शहाद्याच्या.

2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातले 69 जण आदिवासी आहेत. तरी आश्रमशाळेतल्या मुलाचे मैदान वेगळे, चषक वेगळा, प्रमाणपत्रावरचा शिक्काही वेगळा. तो प्रकल्पात जिंकतो, विभागात जिंकतो, राज्यस्तरावर ठाणे, अमरावती, नागपूरशी भिडतो. प्रत्येक पायरीवर समोर त्याच्यासारखाच आश्रमशाळेतला मुलगा. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा त्याच हंगामात, दुसऱ्या मैदानावर.

आश्रमशाळांना तिथे मज्जाव नाही, असे उत्तर मिळेल. मज्जाव नाहीच. पण गाडीभाडे, गणवेश, सराव आणि गुरुजींचे दिवस आधी कोणत्या स्पर्धेसाठी निघतात, हे अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीत कुणालाही विचारावे.

वेगळ्या स्पर्धेमुळे या मुलांना संधी मिळते, हे मान्य. वसतिगृहाबाहेरचा पहिला मोठा प्रवास अनेकांना तिनेच घडवला. पण त्याच स्पर्धेमुळे दुसऱ्या कुणाची तरी हार टळते, त्याचे काय? सातपुड्याच्या उतारावर वाढलेल्या पोरांकडून भर प्रेक्षकांत हरण्याची वेळ शहरातल्या संघावर सहसा येत नाही. मग त्या पोरांविषयीचे शहराचे मतही जागचे हलत नाही.

मुंबईत एके काळी धर्मावर संघ पाडून क्रिकेट खेळले जाई. 1946 मध्ये ती स्पर्धा संपली, बरे झाले. पण त्या वाईट स्पर्धेतही स्वतःला वरचढ समजणाऱ्याला समोर यावे लागे. 1906 मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या विजयात आठ बळी बाळू पालवणकरांचे होते. अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला हा गोलंदाज. पुण्यात आपल्याच संघातल्यांनी त्याला चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला होता. बाळूंना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळाले, तेही वर्षानुवर्षांच्या वादानंतर. हा वाद पेटला, कारण पालवणकर बंधू काय करू शकतात ते सगळ्या मुंबईने पाहिले होते. त्यांना चार अस्पृश्य संघांची निराळी स्पर्धा भरवून दिली असती, तर वादही झाला नसता आणि विठ्ठल कर्णधारही झाले नसते.

लांब जायला नको. सुरगाणा तालुक्यातल्या अलंगुणच्या आश्रमशाळेतल्या मुली खो-खोत महाराष्ट्राच्या संघापर्यंत पोचल्या. त्यासाठी त्यांना आपल्या विभागाच्या स्पर्धेबाहेर पडून खो-खो संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धांत खेळावे लागले. धडगावच्या मुलींचे पाय काही कमी वेगाने पळत नाहीत.

आदिवासी विकास विभागाने आपली स्पर्धा बंद करू नये. मात्र नंदुरबार आणि तळोदा प्रकल्पांच्या विजेत्यांना जिल्हा शालेय स्पर्धेच्या बाद फेरीत थेट जागा द्यावी, आणि त्यांचा खर्च विभागानेच उचलावा. सामने नंदुरबार शहरात ठेवावेत, दिवसाउजेडी, शाळा सुटलेल्या असताना. यात अडचण कोणती, ते नंदुरबारचे प्रकल्प कार्यालय आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांनी एकत्र बसून सांगावे. दोन्ही कार्यालये एकाच गावात आहेत.