विश्लेषण : अंतराळात बी रुजते, पण झाड उभे राहील का?

'इस्रो'ने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावर चवळीच्या आठ बिया ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांना मोड आले आणि नंतर पानेही दिसली. पुढे २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले. त्यानंतर 'अंतराळात शेती' हे शब्द पुन्हा चर्चेत आले. मात्र कडधान्याचा मोड ही चार दिवसांची गोष्ट असते, तर झाड वाढायला दशके लागतात. गुरुत्वाकर्षण बदलले की झाडाच्या बीचे आणि रोपाचे नेमके काय होते?

बीला गुरुत्वाकर्षण कधी कळते?

सुप्तावस्थेतील कोरड्या बीला गुरुत्वाकर्षणाशी फारसे देणेघेणे नसते. पाणी मिळाले की बी फुगते, आतली विकरे जागी होतात, साठवलेले अन्न वापरात येते आणि कोंब फुटतो. यातल्या कशासाठीही 'वर' किंवा 'खाली' माहीत असण्याची गरज नसते. म्हणूनच वजनरहित अवस्थेतही बी रुजते. चवळीच्या प्रयोगातून बी जिवंत होती आणि पेटीतील पाणी, हवा, तापमान यांची व्यवस्था नीट चालली, हे कळले. तेही कमी महत्त्वाचे नाही. पण त्यावरून पुढच्या वाढीचा अंदाज बांधता येत नाही.

दिशेचा प्रश्न मूळ बाहेर आल्यावर सुरू होतो. मुळाच्या टोकावर टोपीसारखे आवरण असते. त्यातील काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात आणि ते पेशीच्या तळाशी बसतात. मूळ आडवे झाले की हे कण नव्या तळाकडे सरकतात आणि ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमते. जास्त ऑक्सिनमुळे मुळाच्या त्या बाजूची वाढ मंदावते आणि मूळ खाली वळते. खोडात याच ऑक्सिनमुळे खालची बाजू जास्त वाढते, म्हणून खोड वर वळते.

इंग्रज बागायततज्ज्ञ थॉमस नाइट यांनी १८०६ मध्ये हे वेगळ्या रीतीने दाखवले. पाण्यावर वेगाने फिरणाऱ्या चाकाला त्यांनी घेवड्यासारख्या बिया बांधल्या. मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब मध्याकडे वळले. चाकाच्या फिरण्याने निर्माण झालेल्या ओढीलाच रोपांनी गुरुत्वाकर्षण मानले होते. आजही अंतराळात कमी-जास्त गुरुत्व निर्माण करण्यासाठी फिरते यंत्र वापरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

'चंद्रवृक्षां'नी काय सिद्ध केले?

झाडांच्या बियांचा सर्वांत प्रसिद्ध प्रवास १९७१ मधला आहे. 'अपोलो १४' मोहिमेतील स्टुअर्ट रूसा हे पूर्वी अमेरिकी वनसेवेत वणवे विझवण्यासाठी विमानातून उडी घेणारे जवान होते. त्यांनी लॉबलॉली पाइन, सिकॅमोर, स्वीटगम, रेडवुड आणि डग्लस फर या झाडांच्या सुमारे ५०० बिया सोबत नेल्या. परतल्यावर निर्जंतुकीकरणाच्या वेळी बियांची डबी फुटली आणि बिया वाया गेल्या असे वाटले. तरी बहुतेक बिया रुजल्या. १९७५-७६ च्या सुमारास ही रोपे अमेरिकेत ठिकठिकाणी लावली गेली. शेजारी तुलनेसाठी पृथ्वीवरच्या बियांची रोपेही वाढवली होती. वीसहून अधिक वर्षांनंतरही दोन्हींत फरक आढळला नाही.

या निष्कर्षाची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. त्या बिया नऊ दिवस वजनरहित अवस्थेत होत्या, पण कोरड्या आणि सुप्त. रुजल्या त्या पृथ्वीवर, पूर्ण गुरुत्वाकर्षणात. म्हणजे हा प्रयोग प्रवासाचा होता, वाढीचा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आर्टेमिस १' यानातून चंद्राभोवती जाऊन आलेल्या बियांची रोपे आता अमेरिकेतील शाळा-संस्थांत लावली जात आहेत. त्यांनाही हेच लागू होते.

जपानची चेरी लवकर का फुलली?

याउलट एक उदाहरण नेहमी सांगितले जाते. जपानमधील एका प्राचीन चेरी वृक्षाच्या बिया २००८-०९ मध्ये सुमारे आठ महिने अंतराळ स्थानकात राहून आल्या. त्यांपैकी एका रोपाला २०१४ मध्ये, चारच वर्षांत, फुले आली. अपेक्षा सुमारे दहा वर्षांची होती. शिवाय मूळ वृक्षाच्या फुलाला सुमारे तीस पाकळ्या असताना या फुलांना पाचच होत्या. 'अंतराळाचा चमत्कार' म्हणून बातम्या झाल्या. पण बी धरताना दुसऱ्या जातीच्या चेरीचे परागकण आले असण्याची शक्यता संशोधकांनी नाकारली नाही. अंतराळात किरणोत्सर्गही असतो. त्यामुळे एका झाडाच्या वर्तनाचे श्रेय गुरुत्वाकर्षणाच्या अभावाला देता येत नाही.

भार नसेल तर लाकूड कसे तयार होईल?

झाडाच्या दृष्टीने हा कळीचा मुद्दा आहे. खोडाला ताठपणा लिग्निन या द्रव्यामुळे येतो. स्वतःचे वजन पेलण्यासाठी झाड लिग्निनवर बरीच ऊर्जा खर्च करते. पृथ्वीवर वाऱ्याने किंवा उतारामुळे झाड कलले की ते त्या जागी वेगळे लाकूड तयार करते. सूचिपर्णी झाडांत ते खालच्या बाजूला तयार होऊन खोडाला वर रेटते. रुंद पानांच्या झाडांत ते सहसा वरच्या बाजूला तयार होऊन खोडाला ओढून धरते. कलल्याची ही जाणीव प्रामुख्याने गुरुत्वाकर्षणावरच अवलंबून असते.

मार्च १९८२ मध्ये 'कोलंबिया' यानातून पाइनची रोपे, ओट आणि मूग आठ दिवस अंतराळात राहिले. मुगाची काही मुळे मातीतून वर आली. मुगातील लिग्निन पृथ्वीवरच्या रोपांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, पाइनमधली घट त्याहून कमी होती. फिरत्या यंत्रात जास्त गुरुत्व दिले की उलटे घडते. खोड आखूड आणि जाड होते, पेशीभित्तिका कठीण होतात. म्हणजे भार वाढला की बांधणी मजबूत होते, भार गेला की ती सैलावते.

पाणी आणि हवेचे काय?

शेतकरी पेरणीसाठी वाफसा येण्याची वाट पाहतो, कारण मुळांना ओल आणि हवा दोन्ही लागतात. वजनरहित अवस्थेत पाणी खाली निचरत नाही, ते मुळांभोवती चिकटून राहते आणि मुळे गुदमरतात. गरम हवा वर जात नसल्याने पानांभोवतीची हवाही साचून राहते, म्हणून पंखे लावावे लागतात. रोप खुरटले तर दोष गुरुत्वाकर्षणाच्या अभावाचा की बिघडलेल्या वाफशाचा, हे वेगळे काढणे हीच प्रयोगांतील मोठी अडचण आहे.

दिशेची अडचण मात्र सुटण्यासारखी आहे. अंतराळ स्थानकावरील प्रयोगांत मुळे प्रकाशापासून दूर वाढताना दिसली आहेत. 'वर' कुठे हे दिवा सांगू शकतो. ताठपणासाठी लागणारा भार मात्र दिवा देऊ शकत नाही.

चंद्रावर आणि मंगळावर?

चंद्रावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, तर मंगळावरचे सुमारे ३८ टक्के आहे. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या 'चांग-अ ४' यानातील बंद पेटीत कापसाचे बी रुजले. चंद्रावरची रात्र सुरू होताच ते रोप थंडीने मेले. तेथील गुरुत्वाकर्षणात रोप पुढे कसे वाढले असते, हे त्यातून कळले नाही.

भारतासाठी याचा अर्थ काय?

भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. तेथे आधी मूग, मेथी यांसारखी झटपट येणारी पिके घेणे शहाणपणाचे ठरेल. त्यांना काही दिवसच तग धरायचा असतो आणि ती सगळी खाता येतात. झाडांच्या बाबतीत मात्र आजवर एकही झाड पृथ्वीबाहेर बीपासून मोठे झालेले नाही. त्यासाठी महिनोन्महिने चालणारी, फिरत्या यंत्रात वेगवेगळे गुरुत्व देणारी आणि शेजारी पृथ्वीवरची जोड रोपे ठेवणारी निरीक्षणे हवीत. अंतराळातून आलेल्या बीला मोड फुटल्याची पुढची बातमी वाचताना वाचकाने दोन प्रश्न विचारावेत : ते बी नेमके कुठे रुजले, आणि रुजल्यावर त्याला किती दिवस वाढू दिले?