औषधांची परीक्षा

आमचें सारें आयुष्य मुलांच्या परीक्षा घेण्यांत गेलें. औषधांचीहि परीक्षा घ्यावी लागते, हें मात्र गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरच्या एका प्रसंगानें आम्हांस शिकविलें.

आमच्या धाकट्या सूनबाईस लघवीला जळजळ होत होती. भरल्या घरांत ही गोष्ट बोलावी कोणापाशीं? तीन दिवस तिनें सोसलें. अखेर सासूच्या कानीं गेलें, आणि आम्हीं शहाणपणा केला तो असा कीं, आमच्या मागील आजारांतील सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चार गोळ्या कपाटांत उरल्या होत्या, त्या तिला दिल्या! गुण आला नाहीं. उलट हुडहुडी भरून ताप आला व पाठींत कळा येऊं लागल्या. रोग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. डॉक्टरांनीं तत्काळ इंजेक्शनें सुरू केलीं; तत्पूर्वीं लघवीचा नमुना मात्र येथें सदरमधील एका प्रयोगशाळेंत पाठविला.

तेथील बाईंनीं आम्हांस ती परीक्षा समजावून सांगितली. नमुना प्रथम बशींतील अगरवर पसरतात. अगर म्हणजे समुद्रांतील शेवाळापासून केलेला, थिजणारा पदार्थ. ही युक्ति मूळची स्वयंपाकघरांतील! फॅनी हेस या गृहिणीनें ती १८८१ च्या सुमारास आपल्या संशोधक पतीस सुचविली. रात्रभर उबेंत ठेवल्यावर जंतूंचे ठिपके उमटतात. बहुधा ते आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जंतूचे असतात. मग ते जंतु दुसऱ्या बशींत सारखे माखून त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. सुमारें ३५ अंश उष्णतेंत १६ ते १८ तास गेले, कीं निकाल तयार. टिकलीभोंवतीं स्वच्छ वर्तुळ पडलें, तर तेथें जंतु वाढूं शकले नाहींत. टिकलीला खेटून वाढले, तर औषध नापास. ही पद्धति बाउअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं नियमबद्ध केली.

मात्र मोठें वर्तुळ म्हणजे श्रेष्ठ औषध, असें नव्हे. प्रत्येक औषध अगरमध्यें कमीअधिक पसरतें. म्हणून प्रत्येकाची उत्तीर्ण होण्याची मर्यादा निराळी, व ती छापील कोष्टकांत पाहावी लागते. अहवालांत ‘एस’ म्हणजे जंतु त्या औषधास वश. ‘आर’ म्हणजे दाद न देणारे. मधल्या ‘आय’चा अर्थ डॉक्टरांनींच लावावा.

सूनबाईच्या अहवालांत सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढें ‘आर’ होतें. आम्ही मनांत ओशाळलों. नायट्रोफ्युरँटॉइनपुढें ‘एस’ होतें, तेव्हां आम्हीं विचारलें, “मग ही गोळी कां नको?” डॉक्टर म्हणाले, “ती लघवींत उतरते, पण मूत्रपिंडाच्या आंत पुरेशी पोंचत नाहीं.” म्हणजे अहवाल हातीं आला, तरी वैद्याची बुद्धि लागतेच. चालू इंजेक्शनापुढेंहि ‘एस’ असल्यानें तेंच पुरें केलें, व सूनबाई बरी झाली.

१९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, तेव्हां अशीं औषधें संजीवनी वाटत. आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे अहवाल सांगतात कीं, मोठ्या रुग्णालयांत सांपडणारे बहुतेक ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सॅसिनास जुमानीत नाहींत. आमच्यासारख्यांच्या कपाटांचा त्यांत वाटा नाहीं, असें कोणी म्हणावें?

म्हणून वाचकांस विनंति: लघवीचा नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीं द्यावा, पहिली धार सोडून मधली, प्रयोगशाळेच्या स्वच्छ डबींत घ्यावी, व दोन तासांच्या आंत पोंचवावी. ताप वा पाठदुखी असल्यास, किंवा रोगी गर्भवती असल्यास, घटकाभरहि न दवडतां डॉक्टरांकडे जावें. उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास कदापि देऊं नयेत.

आणखी एक. माधवनिदानांत मूत्रकृच्छ्राचें वर्णन स्पष्ट शब्दांत आहे. ग्रंथकारास ज्याची लाज वाटली नाहीं, तें सांगतांना आमच्या लेकीसुनांस कां वाटावी? सूनबाईचे ते तीन दिवस आमच्या घराच्या धाकानें गेले. गोळ्यांची चूक अहवालानें दाखविली. ही दुसरी चूक आमची आम्हांसच ओळखावी लागली.