रोजची भाकर, डिसेंबरचा केक

आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांच्या हिशेबात ख्रिस्ती माणूस वर्षातून एकदाच जेवतो. तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जेवतो आणि केक खातो. सोबत वाइन असते, खिडकीत कागदी तारा असतो, आजीचं नाव पोर्तुगीज असतं. जानेवारी उजाडला की हे कुटुंब नाहीसं होतं, ते थेट पुढच्या नाताळ विशेषांकापर्यंत. मधल्या अकरा महिन्यांत त्यांना भूक लागते का, सकाळी डबे भरले जातात का, आमटीत कधी मीठ जास्त पडतं का, याची चौकशी कुणी करत नाही. गेली वीस वर्षं मी मराठी आणि इंग्रजीच्या मध्ये उभी राहून अनुवादाचं काम करते आहे. ही उपासमार आता पुरे, एवढंच मला म्हणायचं आहे.

उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी संकलनासाठी मी एका मराठी कथेचा अनुवाद पाठवला होता. कथेतली बाई शाळेत शिक्षिका. बुधवारी संध्याकाळी मंडळीच्या प्रार्थनासभेला जायचं म्हणून ती घाईघाईनं पिठलं टाकते, भाकऱ्या थापते, मुलाला वही घेऊन ओट्याशी बसवते, तेवढ्यात सासऱ्यांच्या औषधाची वेळ होते. कथा दीड तासाची, पण त्या घरातले सगळे ताण तेवढ्यात दिसतात. संपादकांचा अभिप्राय आला : कथा चांगली आहे, पण ख्रिस्ती वातावरण पुरेसं जाणवत नाही, लेखिकेला विचारून एखादा सणाचा प्रसंग, एखादा खास पदार्थ घालता येईल का? लेखिका नाही म्हणाली, मीही नाही म्हणाले. कथा त्या संकलनात आली नाही.

संपादकांचा हेतू वाईट नव्हता. म्हणून तर हे लिहायला हवं. वाईट हेतूशी भांडणं सोपं असतं. इथे एक सुसंस्कृत, अनेक भाषा वाचणारा माणूस मनापासून समजत होता की पिठलं हिंदूंचं असतं आणि ख्रिस्ती व्हायला केक लागतो.

आता जेवतो काय, ते सांगते. माझं माहेर अहमदनगर जिल्ह्यातलं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या घरात ते 'नगर'च. आई परिचारिका होती, वडील शिक्षक. आईची पाळी रात्रीची असली की ती सकाळी येऊन पहिल्यांदा चूल पेटवायची आणि मग पाठ टेकायची. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, एक कोरड्यास, शेंगदाण्याची चटणी. रविवारी मटण. उपासनेला निघण्याआधी रस्सा मंद आचेवर चढवायचा आणि परत येताना कोण कोण जेवायला येईल याचा अंदाज मनातल्या मनात करायचा. पाळक येत, परगावाहून आलेलं कुणी येई, वसतिगृहातली दोन मुलं येत. माणसं वाढली की रश्श्यात तांब्याभर पाणी आणि चमचाभर येसूर वाढे. काळा मसाला, येसूर, भाकरी : यातलं काहीही शेजारच्या घरापेक्षा वेगळं नव्हतं. नाताळातसुद्धा आमच्याकडे करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू होत. शेजारून दिवाळीत आलेल्या ताटाची परतफेड डिसेंबरात व्हायची. केक बेकरीतून यायचा, तो पाहुण्यांपुढे ठेवण्यासाठी.

सासर वसईचं, कॅथलिक. तिथे भाकरी तांदळाची, रोजची मासळी, आणि मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी : सुके बोंबील, सुकट, वर्षाचा मसाला. आता आम्ही बंगळुरूत राहतो. इडलीचं पीठ फ्रिजमध्ये कायम असतं, नगरहून बाजरीचं पीठ येतं, वसईहून सुकेळी येतात. दोन मुलांच्या शाळा, दोघांच्या नोकऱ्या, रविवारी दोन वेगवेगळ्या चर्चच्या वेळा. या धावपळीत केक करायला सवड कुणाला आहे?

यावर प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे : मग या घरात ख्रिस्ती ते काय? पिठल्याला धर्म नसेल, तर कथेत तो वाचकाला दिसायचा कुठे?

माझं उत्तर असं आहे की स्वयंपाकघरातलं ख्रिस्तीपण जिन्नसांपेक्षा वेळापत्रकात जास्त असतं. शुक्रवारी माझ्या सासूबाई मांस शिजवत नाहीत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत घरात काय वगळायचं आणि वाचलेले पैसे कोणाला द्यायचे, याचा हिशेब होतो. ताट वाढल्यावर पहिला घास आणि तोंड यांच्यामध्ये अर्ध्या मिनिटाची प्रार्थना असते, आणि भुकेलं मूल त्या अर्ध्या मिनिटात एक डोळा उघडून भाजीकडे बघतं. कापणीच्या सणाला अंडी, भोपळा, कोंबडी, धान्य चर्चमध्ये नेतात, तिथे त्यांचा लिलाव होतो. आपलाच भोपळा दुप्पट पैसे मोजून परत आणणारा माणूस मी पाहिलेला आहे. मे महिन्यात सुट्टीतल्या बायबल शाळेच्या मुलांसाठी बायका पातेलंभर खिचडी शिजवतात. हे सगळं लिहिण्याजोगं आहे. फक्त ते दिसायला एखाद्या बुधवारी त्या घरात जावं लागतं. डिसेंबरात खिडकीतून डोकावून ते दिसत नाही.

अनुवादक म्हणून मला एका शब्दाकडे लक्ष वेधायचं आहे. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाचं मागणं आहे. इंग्रजीत तिथे 'ब्रेड' आहे. मराठी बायबलात तिथे 'भाकर' आहे. पाव हा शब्द मराठीत होता, पोळी होती, अन्न हा संस्कृत शब्द तर हाताशीच होता. तरी भाकर निवडली गेली, कारण मराठीत भाकर म्हणजे पदार्थ तर आहेच, शिवाय पोटापाण्याचा उद्योगही आहे. माणूस भाकरीसाठी गाव सोडतो, पावासाठी नाही. ज्यांनी हा शब्द प्रार्थनेत बसवला, त्यांना आपला वाचक काय खातो हे ठाऊक होतं. आणि आज? आज मी तीच भाकर इंग्रजीत नेते तेव्हा मला तिच्यासाठी तळटीप मागतात, आणि केकला तळटीप लागत नाही. ज्या शब्दानं आमचा धर्म मराठी झाला, तोच आमच्या ताटातून काढून घ्यायला सांगतात.

यामागे एक जुना समज आहे : ख्रिस्ती म्हणजे बाहेरचा. मग फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं हे सांगून उपयोग होत नाही. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरला सुरू झालं, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'शिवाय मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिता येत नाही, हेही सांगून झालं. तरी परगावच्या साहित्य मेळाव्यात मला विचारतातच, "तुम्ही घरी मराठी बोलता?" बाहेरून काय आलं याचाच हिशेब करायचा, तर बटाटा, मिरची, काजू, पेरू, अननस हे सगळे पोर्तुगीजांच्या वाटेनं आले. पाव हा शब्द पोर्तुगीज, पगारही पोर्तुगीज. उपासाची बटाट्याची भाजी खाणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुम्ही मूळचे कुठले.

पण केकची खरी किंमत वेगळीच आहे. केक जात पुसतो. नगर, जालना, औरंगाबादकडची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं मूळची महार-मांग समाजातली. त्यांच्या ताटात दुष्काळ आहे, गावकुसाबाहेरची वस्ती आहे, मिशनच्या शाळेतलं पहिलं पोटभर जेवण आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले; ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. म्हणजे कागदावर या लोकांची जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन निघाली. गावात मात्र ती कुणीही विसरलेलं नाही. सरकार म्हणतं, तुमची जात नाही. साहित्य म्हणतं, तुमचं ताट केकचं. दोघं मिळून एका माणसाचा इतिहास पुसतात. पुसणाऱ्यांच्या रांगेत निदान साहित्यानं उभं राहू नये.

लक्ष्मीबाईंना हे कळलं होतं. त्यांच्या पुस्तकात धर्मांतराची मोठी गोष्ट चुलीजवळ आणि पाण्याच्या भांड्याजवळ घडते. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, सोवळं कुठे सुटतं : विचार बदलला की नाही, याचा पुरावा त्या स्वयंपाकघरात शोधतात. आपण त्यांच्या विनोदाला दाद दिली आणि त्यांच्या पद्धतीकडे काणाडोळा केला.

दुसऱ्या भाषांत हे घडलेलं आहे. बामा यांचं तमिळ 'करुक्कु' १९९२ साली आलं. त्यात दलित ख्रिस्ती वस्तीतली भूक आणि मठातलं सुग्रास जेवण एकमेकांसमोर उभं आहे. सारा जोसेफ यांच्या मलयाळम 'आलाहयुडे पेण्मक्कळ'मध्ये त्रिशूरच्या कडेला ढकललेली ख्रिस्ती माणसं आहेत. दामोदर मावजो यांची कोंकणी 'कार्मेलीन' कुवेतला जाते ती दुसऱ्याच्या घरी राबायला. ही कादंबरी लिहिणारा लेखक स्वतः ख्रिस्ती नाही, तरी त्याला केकची गरज पडली नाही. तिन्ही पुस्तकं आज भारतीय साहित्याचा भाग आहेत, आणि तिन्हीत नाताळच्या रोषणाईपेक्षा रोजचं राबणं मोठं आहे. वाचकाला हे झेपत नाही, असं संपादकांनी यापुढे म्हणू नये.

आता आमच्या माणसांकडे वळते, कारण हा केक केवळ बाहेरच्यांनी आमच्यावर लादलेला नाही. तो आम्हीही मिरवतो. परिचितांना बोलावताना भाकरी लपवून कटलेट काढणाऱ्या आमच्याच मावश्या आहेत. मुंबईतल्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला घ्या. वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या गडद बाटल्यांत दाबून भरायचे. आता त्याला 'वारसा' म्हणतात, त्यावर सुंदर छायाचित्रांसह लेख येतात. बाटलीचं कौतुक होतं. मुसळ उचलून घरोघरी फिरणाऱ्या बायकांना काय मिळत होतं, हे त्या लेखांत सापडत नाही. वारसा म्हटलं की मजुरी विचारायची नसते, असा आपल्याकडे संकेत दिसतो.

आणि घरातल्या बाईचं काय? लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामानं थकून तक्रार करते, आणि तिलाच समजावलं जातं. या गोष्टीवर मी लहानपणापासून किमान तीस प्रवचनं ऐकली असतील. बहुतेकांत उपदेश मार्थाला होता. प्रवचन संपल्यावर प्रीतिभोजन असे आणि वाढायला सगळ्या मार्था उठत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी दुसरी एक सकाळ आहे : पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी निखारे पेटवून मासळी भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकूनही काही न मिळालेल्यांना न्याहारीला बोलावतो. मासेमारांच्या वसईतसुद्धा मी या न्याहारीवर पुरुषांना उद्देशून केलेलं प्रवचन ऐकलेलं नाही. ज्या धर्माचा प्रभू स्वतः चूल मांडतो, त्याच्या घराघरांत पुरुष ताटावर येऊन बसतात. हा विषय केकच्या गोष्टीत कधीच येत नाही, कारण केकच्या गोष्टीत सगळे आनंदात असतात.

कुणी म्हणेल, सण हीच समाजाची ओळख. वेगळेपण नसेल तर वाचक कशाला वाचेल? ओळख सणात असते हे मला मान्य आहे. पण ज्यांची ओळख फक्त सणात दिसते, त्यांना बाकीचे पाहुणे समजतात. पाहुण्याचं स्वागत होतं, त्याला गोड खायला मिळतं, आणि तो कधी निघणार असंही मनात येतं. घरच्या माणसाला रोजची भाकरी मिळते, तिच्यावरून त्याची भांडणंही होतात. भारतीय साहित्यात आम्हाला ती भांडणाची जागा हवी आहे.

म्हणून तीन मागण्या. संपादकांनी नाताळ विशेषांक खुशाल काढावा, पण ख्रिस्ती घरातली कथा जुलैच्या अंकातही छापावी, आणि तिच्यात सण घालायला सांगू नये. माझ्या अनुवादक मित्रमैत्रिणींनी भाकरीला 'फ्लॅटब्रेड' करू नये. वाचकाला एक शब्द शिकू द्यावा, तो उपाशी मरणार नाही. आणि माझ्या समाजातल्या लिहिणाऱ्यांनी पुढची गोष्ट बुधवारची लिहावी : कामावरून आल्यावरची, घाईची, थोड्या करपलेल्या पिठल्याची, आणि शक्य असेल तर ते पिठलं घरातल्या पुरुषानं टाकलेलं असावं.