राजाचा रुसवा

बालमित्रांनो,

तुमच्यापैकी किती जणांनी घरी कुत्र्याचं पिल्लू आणलंय? आणि त्यातल्या किती जणांनी आधी आईला विचारलं होतं? पाहा, दुसऱ्या प्रश्नाला पटापट हात खाली गेले! आमच्याही घरी असंच झालं.

आम्ही राहतो धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात. इकडं गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, तो याच भागातला. तर अशाच एका भट्टीवरून आमच्या दुसरीतल्या चिरंजीवांनी शर्टात गुंडाळून एक तांबूस पिल्लू आणलं. दारात उभं राहून जाहीरही करून टाकलं, "आई, ह्याचं नाव राजा."

नाव राजा, आणि वागणंही राजासारखंच! दुधात भाकरी कुस्करून पुढं ठेवली. हुंगली नि तोंड फिरवलं. मग आमच्या घरात जी धांदल उडाली, ती काय सांगू! सासूबाई म्हणाल्या, "बारकं हाय ते, नुसतं दूध द्या." शेजारच्या काकूंनी अंडं उकडून आणलं. ह्यांनी बिस्किटं आणली. चिरंजीवांनी गुपचूप अर्धा पेढा चारला. तो मात्र राजेसाहेबांनी मिटक्या मारत खाल्ला. तीन दिवसांत त्याच्यापुढं सात पदार्थ आले. चौथ्या दिवशी सकाळी त्याला पातळ जुलाब झाले आणि तो माझ्या चपलेवर डोकं ठेवून गप पडून राहिला.

मी शाळेत निरोप धाडला आणि तडक राजाला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले. एवढी घाई का केली, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलानं असंच पिल्लू आणून गोठ्यात लपवलं होतं. घरी रागावतील म्हणून कुणाला बोलला नाही. पिल्लानं खाणं सोडलं, मग उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं रडत रडत मला सांगितलं. आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण त्याच रात्री पिल्लू गेलं. त्याला पार्वो नावाचा विषाणूचा रोग झाला होता. तो मुलगा मला एवढंच म्हणाला, "बाई, मला वाटलं त्यो रुसलाय."

मुलांनो, म्हणून आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. न खाणं दोन प्रकारचं असतं. एक रुसव्याचं, एक आजाराचं. पिल्लू खेळतंय, पाणी पितंय, शेपटी हलवतंय, पण एखाद्या वेळी जेवलं नाही, तर तो रुसवा किंवा नव्या घराची भीती असू शकते. पण उलटी, जुलाब, शौचात रक्त, सुस्ती, पांढुरक्या हिरड्या यांतलं काहीही दिसलं, की थांबायचं नाही. लहान पिल्लानं दिवसभर काहीच खाल्लं नाही, तरीसुद्धा थांबायचं नाही. घरच्यांना सांगायचं. ते रागावतील, रागावू देत! रागावणं संध्याकाळपर्यंत संपतं.

राजाचं नशीब चांगलं. डॉक्टरांनी त्याचं वजन केलं, हिरड्या पाहिल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली. म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालेलं नव्हतं. मग त्यांनी माझीच तोंडी परीक्षा घेतली. "पिल्लू किती दिवसांचं? तिथं काय खात होतं? आता त्याला किती जण भरवतात?" पहिल्या दोन प्रश्नांना मी नापास झाले. तिसऱ्याचं उत्तर होतं, "सगळेच."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बाई, हे पिल्लू हट्टी नाही, हुशार आहे. नको म्हटलं की दुसरं मिळतं, हे तुम्हीच त्याला शिकवलंत."

परत येताना मी भट्टीवर गेले. तिथं कळलं, की राजा तिथं आपल्या चार भावंडांबरोबर एकाच ताटलीत ज्वारीची भाकरी खायचा, थोड्याशा पातळ दुधात भिजवलेली. भावंडांच्या चढाओढीत ताटली चाटूनपुसून साफ व्हायची. आमच्याकडं तो एकटाच, समोर अनोळखी वाटी, आणि भोवती चार माणसं ओणवी! तुम्हाला तरी घास उतरला असता का?

मग आम्ही काय केलं? औषध दिलंच, आणि डॉक्टरांनी सांगितलेले नियम पाळले. तुम्हीही लिहून घ्या.

पिल्लू आणताना ते आधी काय खात होतं हे विचारा आणि पहिले काही दिवस तेच द्या. नवा पदार्थ जुन्यात थोडा थोडा मिसळून आठवडाभरात बदला. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नका. आईच्या अंगाचा वास लागलेलं एखादं फडकं मिळालं, तर बरोबर आणा.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पुढं सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, भरवणारा माणूसही एकच. पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला आणि पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही देऊ नका. पाणी मात्र कायम समोर हवं.

जेवण कोमट करून द्या. माणसाच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या सुमारे नऊ हजार कळ्या असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे सतराशेच. ते जेवण आधी नाकानं खातं! कोमट अन्नाचा वास चांगला दरवळतो.

नुसत्या दुधावर ठेवू नका. गाई-म्हशीच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा साखर जास्त असते. ती सगळी न पचल्यानं पोट बिघडतं. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं मांसही हवं, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका मुळीच नकोत. आपल्याकडं द्राक्षाच्या बागा आहेत, तेव्हा हे नीट लक्षात ठेवा. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या धारदार कपच्या होतात.

आणखी एक. बारीक म्हणजे उपाशी नव्हे! शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. (१९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, हे आजोबांना विचारा.) ही धावणारी कुत्री. छाती खोल, कंबर बारीक, अंग सडपातळ. असं पिल्लू पाहून "अगं बाई, किती वाळलंय!" म्हणत त्याला ठासून भरवू नका. अंदाज करू नका, वजन करा.

आणि जंतांचं औषध, पार्वोची आणि पिसाळीची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला द्याच. पिल्लू चावलं किंवा त्याची नखं लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच मोठ्यांबरोबर दवाखान्यात जा. यातही लपवाछपवी नको.

राजाचं पुढं काय झालं? पहिल्या दिवशी वाटी दोनदा तशीच उचलली. चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी! "आई, तो उपाशी झोपेल." मलाही राहवेना, पण तो अंगणात उड्या मारत होता, पाणी पीत होता, म्हणून धीर धरला. संध्याकाळी कोमट भाकरी ठेवली आणि आम्ही सगळे घरात गेलो. थोड्या वेळानं बाहेरून वाटी फरशीवर घासत असल्याचा आवाज आला.

चिरंजीवांनी एक जुनी वही घेतली आहे. रोज तारीख, राजानं काय खाल्लं, किती वेळा खाल्लं आणि रविवारी वजन, असं त्यात लिहितात. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखं आहे, पण डॉक्टरांनी ती वही पाहून पाठ थोपटली. आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलानं? त्यानं यंदा पुन्हा पिल्लू आणलंय. ह्या खेपेला पहिल्याच दिवशी, आईला बरोबर घेऊन, ते मला दाखवायला आला होता.

तुमच्या पिल्लाची वही कुणी सुरू केली, ते मला जरूर कळवा हं!

तुमची,
बाई