बर्फाशिवाय स्कीइंग: चटई अंथरली की काम संपतं का?

ब्रिटनच्या शेफील्डमध्ये १९८८ साली 'स्की व्हिलेज' सुरू झालं. टेकडीच्या उतारावर बर्फाऐवजी प्लास्टिकच्या चटया! २०१९ चा स्लोपस्टाइल जगज्जेता जेम्स वुड्स स्कीइंग शिकला तो इथेच. आल्प्सची सहल न परवडणाऱ्या पोरांसाठी ही केवढी मोठी सोय!

पण खरा खर्च पुढेच असतो. ब्रशसारख्या या चटईवर पाण्याचे तुषार मारत राहावे लागतात. ती कोरडी पडली तर घर्षणाने स्कीचा तळ तापतो, चटईचे तंतूही झिजतात. खालची माती खचली की वर खड्डे पडतात. चटईचे जोड उसवले तर पडणाऱ्याची बोटं अडकतात (अंगठ्याची दुखापत इथे नेहमीचीच). म्हणजे बर्फ नको, पण पाणी आणि माणसं रोज हवीत.

२०१२ मध्ये शेफील्डच्या केंद्राला आग लागली आणि ते बंद पडलं. उतार मोकाट सुटला, चटयांमधून झुडपं उगवली.