रडारचा भार कोण वाहणार?

नवे रडार बसविले की लढाऊ विमान समर्थ झाले, एवढेच आपल्याला सांगितले जाते. पण नाकाशी वाढलेल्या भाराने विमानाचा तोल सरकतो. जादा वीज व शीतकरण पुरविणारी यंत्रणाही वजन वाढविते. १९७४ साली हलके म्हणून उडालेले अमेरिकी एफ-१६ सुधारणांगणिक जड होत गेले. त्याला अधिक शक्तिमान इंजिने द्यावी लागली.

आपल्या ‘तेजस मार्क-१ए’चे रडार नवे, इंजिन मात्र पूर्वीचेच आणि अमेरिकी. नाशिकच्या कामगारांनी बांधलेले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झेपावले. परंतु इंजिने उशिरा आल्याने हवाई दल खोळंबले. १९८९ साली मंजूर झालेले ‘कावेरी’ इंजिन तेजसला पुरेसा जोर देऊ शकले नाही.

रडारचा भार अखेर इंजिनच वाहते. ते परक्याच्या हाती असेल, तर स्वावलंबन कसले? संसदेने हाच जाब विचारला पाहिजे.