ढगाचा माथा आणि मंडळाचं माप

सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पाऊस ओढ देतो, तेव्हा औसा-निलंग्यापासून मुखेड-देगलूरपर्यंत मोबाइलवर उपग्रहाचं चित्र फिरू लागतं. जिल्ह्यावर लाल ढग दिसतो म्हणून रात्रीची लाइट असूनही कुणी तुषार लावत नाही, आणि सकाळी माती कोरडीच. यात उपग्रहाचा दोष नाही. तो लाल रंग म्हणजे पाऊस नव्हेच.

हे चित्र देणाऱ्या हवामान उपग्रहांपैकी इन्सॅट-3डीआर 2016 मध्ये अवकाशात गेला, इन्सॅट-3डीएस फेब्रुवारी 2024 मध्ये. सुमारे 36 हजार किलोमीटरवरून त्यांचा इमेजर अवरक्त किरणांत ढगाच्या माथ्याची उष्णता मोजतो. ढग जितका उंच, तितका माथा थंड. उणे साठ-सत्तर अंशांचा माथा दिसला की खाली जोराचा पाऊस असावा, असा हिशेब धरतात. पण वादळी ढग विरल्यावर त्याचा पातळ पिसारा वाऱ्यानं लांबवर पसरतो, तोही थंडच असतो, आणि त्याखाली थेंब नसतो. उलट बुटक्या ढगांची भुरभुर या हिशेबातून निसटते. शिवाय अवरक्त चित्रातला एक ठिपका चार किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे दोनेक गावांची शिवारं त्यात मावतात. सोबतचा 19 पट्ट्यांचा साउंडर हवेच्या थराथरांतलं तापमान आणि बाष्प टिपतो. अंदाजासाठी तो मोलाचा आहे, पण पडलेला पाऊस तोही मोजत नाही.

नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी ठरते ती जमिनीवरच्या मापानं: महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर. लातूर जिल्ह्यात मंडळं 60, म्हणजे सरासरी 120 चौरस किलोमीटरला एक माप. ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात झाला तसा पाऊस मंडळाच्या एका टोकाला कोसळला आणि यंत्र दुसऱ्या टोकाला असलं, तर वाहून गेलेल्या रानाचा मालक कागदोपत्री कोरडाच राहतो. हा अन्याय मला सहन होत नाही.

इन्सॅटवर आणखी एक साधन आहे, त्याचं चित्र कुणी पुढे पाठवत नाही. डेटा रिले ट्रान्सपॉन्डर जमिनीवरच्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी उचलून पोचवतो. टपाल न्यायची सोय वर आहे, पेटी मात्र गावात हवी. केंद्राच्या विंड्स योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक धरलेले आहेत. नांदेड-लातूरला ते आधी बसवावेत. यंत्राला झाडाचा किंवा छपराचा आडोसा नाही ना, हे ग्रामसभेनं जागेवर जाऊन पाहावं, आणि रोज सकाळी साडेआठची नोंद पंचायतीच्या फळ्यावर लिहिलीच पाहिजे.